बोट ठेवायला जागा

“मॅडम, बोट काढू नका हं. सेव्ह करतोय.”

रात्रीचे पावणेबारा वाजले होते. पेपर पाठवायची मुदत पहाटे साडेपाचला संपत होती. आणि मी, वयाची चाळिशी ओलांडलेली, पीएच.डी.चे विद्यार्थी हाताखाली असलेली बाई, प्रयोगशाळेतल्या टेबलावर ओणवी होऊन उजव्या हाताची तर्जनी एका हिरव्या बोर्डावर टेकवून उभी होते. सप्लायची लाल वायर बोर्डाला जिथे मिळते, बरोबर त्या जागी. बोटापासून दीड-दोन सेंटिमीटरवर आमची चिप: एक मिलिमीटर लांब, एक मिलिमीटर रुंद, राजगिऱ्याच्या दाण्याएवढी. एसी सोळावर असल्यामुळे बोटं गारठली होती, सोल्डरच्या धुराचा राळेसारखा वास केसांत बसला होता, आणि स्पेक्ट्रम अॅनालायझरचा, म्हणजे कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती सिग्नल आहे ते पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्राचा, पंखा तेवढा घरघरत होता. बोट टेकवलं की पडद्यावरचा नको असलेला सुळका खाली बसायचा. उचललं की १.१ गिगाहर्ट्झपाशी तो परत उभा, आत काहीही सिग्नल सोडलेला नसताना. आमच्या धंद्यातलं जुनं रडगाणं आहे: अॅम्प्लिफायर करायला घेतला तर तो ऑसिलेट होतो, म्हणजे आपणहून घुमायला लागतो, आणि ऑसिलेटर करायला घेतला तर तो गप्प बसतो. आमचा अॅम्प्लिफायर बोलत होता, कोणी विचारलेलं नसताना.

“झालं,” माझा विद्यार्थी म्हणाला. मी बोट उचललं. सुळका उभा राहिला. आम्ही दोघांनीही तो पाहिला आणि दोघांपैकी कोणीच काही बोललं नाही.

तो आलेख पेपरात गेला.

आम्ही जे करतो त्याचं नाव रेडिओ फ्रिक्वेन्सी इंटिग्रेटेड सर्किट, लाडाने आरएफआयसी. तुमच्या फोनच्या अँटेनाला लागून जी पहिली चिप असते तिच्यातलं काम. त्यातही माझा जीव एलएनएमध्ये, म्हणजे लो नॉइज अॅम्प्लिफायरमध्ये, अडकलेला. अँटेनातून येतं ते इतकं क्षीण असतं की ते आकड्यात सांगितलं तरी डोक्यात शिरत नाही. रिक्षावाला ज्या उपग्रहांच्या भरवशावर तुमच्या गल्लीत वळतो, त्यांचा सिग्नल जमिनीवर पोचतो तेव्हा एका वॅटचे शंभर कोटी भाग करावेत आणि त्यातल्या एका भागाचे पुन्हा एक कोटी, इतकाच उरलेला असतो. तोही गोंगाटात बुडालेला, गोंगाटापेक्षा शंभरेक पटींनी बारीक. आणि हा गोंगाट कोणी बाहेरचा माणूस करत नाही. टेबलावर नुसता पडलेला, कशालाच न जोडलेला रेझिस्टरसुद्धा आतल्या आत कुजबुजत असतो, केवळ तो उबदार आहे म्हणून. १९२८ साली बेल लॅब्जमधल्या जॉन्सनने ही कुजबुज मोजल्याचं छापून आलं, आणि नायक्विस्टने तिचं सूत्र मांडलं. खोलीच्या तापमानाला, दर हर्ट्झमागे उणे १७४ डीबीएम. हा आकडा आमच्यातला कोणीही झोपेतून उठवला तरी सांगेल. त्याखाली जाता येत नाही. तुम्ही फक्त आपल्या बाजूने त्यात किती भर घालता, एवढंच तुमच्या हातात. आणि ती भर पहिल्या पायरीवरच सगळ्यात जास्त नडते, कारण पहिल्याच माणसाने निरोप अर्धवट ऐकला तर पुढच्यांनी तो कितीही ओरडून सांगितला तरी उपयोग नसतो. फ्रीस नावाच्या गृहस्थांनी १९४४ मध्ये हे समीकरणात बसवलं. आमचं सगळं आयुष्य त्या समीकरणाच्या पहिल्या पदात जातं.

त्या रात्री घरी जाताना मात्र मला फ्रीस आठवला नाही. आप्पा आठवले.

मिरजेच्या आमच्या घरी माजघरातल्या फळीवर एक रेडिओ होता. त्याच्यावर आजीने भरतकाम केलेला रुमाल, रुमालावर आप्पांचा हात. ही रचना माझ्या लहानपणी इतकी कायमची होती की रेडिओला हात लावूनच तो ऐकायचा असतो असं मला बरीच वर्षं वाटत होतं. संध्याकाळच्या बातम्या लागल्या की आप्पा उठून उभे राहायचे आणि उजवा तळवा रेडिओच्या मागच्या कोपऱ्यावर ठेवायचे. हात आहे तोवर सांगली केंद्र स्वच्छ. हात काढला की खरखर. क्रिकेटच्या दिवशी तर आजी त्यांना उभ्या उभ्या चहा द्यायची, डाव्या हातात. एकदा मी विचारलं होतं, “आप्पा, तुम्ही दमत नाही का?” तर म्हणाले, “अगं, त्यालाच सवय झालीये आता माझी.” आप्पा जिल्हा परिषदेच्या शाळेतले मास्तर, गणिताचे. त्यांना माहीत होतं की कुठेतरी सांधा सुटलाय. पण दुरुस्तीला टाकायचा म्हणजे चार दिवस रेडिओ नाही. त्यापेक्षा हात बरा.

शेवटी रेडिओ गेलाच दुकानात, आणि शाळा सुटल्यावर मी तिथे जाऊन बसले. रेडिओवाले काका फारसं बोलायचे नाहीत. पण त्यांचं एक तंत्र मी तोंड उघडं टाकून पाहिलं होतं. ते मीटर वगैरे काढायच्या आधी बोट लावायचे. मागचं झाकण उघडून व्हॉल्यूमच्या पोटावर तर्जनी टेकवायची, की स्पीकरमधून भुंऽऽऽ असा आवाज यायचा. “म्हणजे इथपासून पुढं जिवंत आहे.” मग एक पायरी मागे. पुन्हा बोट. पुन्हा भुं, जरा वेगळा. जिथे बोट लावूनही काहीच झालं नाही, तिथे रोगी सापडला. मला फार पुढे, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षी कळलं की आपलं शरीर घरातल्या वायरिंगचा पन्नास हर्ट्झ सतत अंगावर घेऊन फिरत असतं. काका फुकटचा सिग्नल जनरेटर खांद्याला लावूनच जन्माला आले होते. मग ते सेट जुळवायला बसायचे: पिवळ्या, पांढऱ्या, काळ्या टोपीच्या आयएफटी, म्हणजे कॉइलच्या छोट्या डब्या, त्यांच्यातला फेराइटचा गाभा फिरवायला घासून पातळ केलेली बांबूची काडी (लोखंडी स्क्रूड्रायव्हर चालत नाही, तो जवळ आला की कॉइल बिथरते), कान स्पीकरला चिकटवलेला, डोळे मिटलेले. सगळ्या टोप्या ४५५ किलोहर्ट्झवर आल्या की मेणबत्ती तिरकी करून दोन थेंब मेण. हललं नाही पाहिजे.

आता गंमत बघा. त्या टोप्यांमागची कल्पना एडविन आर्मस्ट्राँग या अमेरिकी इंजिनिअरची, १९१८ची, पहिल्या महायुद्धात पॅरिसला अमेरिकी सैन्याचं काम करताना सुचलेली. कुठलंही स्टेशन आलं तरी त्याला आधी एकाच ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर आणून बसवायचं आणि मग सावकाश साफ करायचं. शंभर वर्षांनंतर माझ्या चिपमध्येही वेगळ्या रूपात तोच उद्योग चालतो. पण काकांच्या कॉइलला मेण लावता यायचं, आणि चुकलं तर मेण वितळवून काडी परत फिरवता यायची. माझ्या कॉइलला नाही.

चिपवरची कॉइल ही खरं तर चकली आहे. सपाट, तीन-चार वेढ्यांची, दोनेकशे मायक्रॉन रुंद, आणि बहुतेक वेळा अष्टकोनी, कारण फाउंड्रीच्या, म्हणजे चिपा बनवणाऱ्या कारखान्याच्या, नियमांत ४५ अंशांच्या पटीत नसलेलं वळण सहसा बसत नाही. ट्रान्झिस्टर दरवर्षी बारीक होत गेले, चकली तेवढीच राहिली. लेआउट, म्हणजे चिपचा आराखडा, पडद्यावर उघडला की हजार ट्रान्झिस्टर एका कोपऱ्यात दाटीवाटीने बसलेले आणि मधल्या दिवाणखान्यात ही तीन जाडजूड चकल्यांची पंगत, असं दृश्य दिसतं. बरं, गुणाला म्हणावं तर काकांच्या कॉइलपुढे ती गरीबच. तिच्या खालचं सिलिकॉन थोडंबहुत विजेला वाट देतं, त्यामुळे बरीच ऊर्जा खाली झिरपते. सिलिकॉनवर असली कॉइल कामाचीच नाही असं पूर्वी मानत. १९९० मध्ये बर्कलीच्या न्यूएन आणि मायर यांनी ती करून दाखवली, आणि तिचा क्यू, म्हणजे घंटा वाजवल्यावर ती किती वेळ घुमते त्याचं माप, दहाच्याही आत होता. काकांच्या टोप्या त्याच्या कितीतरी पट घुमायच्या. पण त्या चकलीवर पुढच्या तीस वर्षांतल्या सगळ्या फोनांची दुनिया उभी राहिली. मी पहिली चकली काढली ती जागेची फार काटकसर करून. माझे गाइड लेआउटवर बघून म्हणाले होते, “चकली घट्ट पडलीये. जरा सैल घाल.” ते मूळचे तमिळ, पण पवईत राहून त्यांना चकलीतलं सगळं कळत होतं.

आणि हे सगळं हाताबाहेरचं. शब्दशः. लेआउट पूर्ण झाला की टेपआउट. एके काळी चुंबकीय टेपवरून आराखडा फाउंड्रीकडे जायचा म्हणे, त्याचं नाव अजून तेच, आता नुसती फाइल जाते. मग तीन-चार महिने वाट बघायची. या काळात माणूस चिडचिडा होतो. घरचे ते ओळखतात. माझा मुलगा लहान असताना शेजाऱ्यांना सांगायचा, आईची चिप यायचीये, म्हणून आई ओरडते. मग एक दिवस कुरिअर येतं, आत चिकट जेलच्या डबीत चाळीस तुकडे, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले की सोनेरी-जांभळट चमकतात. आणि त्यांना हात लावायचा नाही. मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधायचा, त्याची वायर टेबलाला जोडायची, व्हॅक्यूमच्या चिमट्याने दाणा उचलायचा. माणसाच्या अंगावर दोन हजार व्होल्ट साठलेले असले तरी त्याला पत्ता नसतो, आणि त्या ट्रान्झिस्टरच्या दारातला पडदा दोन नॅनोमीटर जाडीचा. पहिल्या वर्षी मी अशाच दोन चिपा मारल्या होत्या, नायलॉनची साडी नेसून गेले होते म्हणून. तेव्हापासून टेपआउटनंतरच्या महिन्यांत मी सुतीच नेसते.

म्हणजे मोजणीपर्यंत सगळी तयारी माणसाचा हात दूर ठेवण्याची. आणि शेवटी वेळ आली तेव्हा मीच बोट टेकवून उभी.

का चाललं ते सांगायला अवघड नाही. चिपवरून बोर्डावर जायला सोन्याच्या तारा असतात, २५ मायक्रॉन जाडीच्या, केसापेक्षा बारीक. मिलिमीटरभर तारेमागे साधारण एक नॅनोहेन्री, म्हणजे फुकटची, न मागितलेली कॉइल. सप्लायच्या वाटेवरची ती कॉइल आणि बोर्डावरचा कपॅसिटर मिळून १.१ गिगाहर्ट्झला घुमू लागले. ग्राउंडची तार अॅम्प्लिफायरच्या दोन पायऱ्यांमध्ये सामाईक होती. बाहेर पडलेलं थोडंसं तिथून परत आत गेलं, जुळत्या तालात गेलं, आणि मग काय, चक्र सुरू. सिम्युलेशनमध्ये मी ग्राउंडच्या तारेला अर्धा नॅनोहेन्री दिला होता. प्रत्यक्षात तार लांब पडली. आणि बोट? माणसाचं बोट म्हणजे मिठाच्या पाण्याची पिशवी. घुमणारी ऊर्जा ती पिऊन टाकते. घंटेवर तळवा ठेवल्यासारखं. आप्पांचा तळवा सुटलेला डाख दाबून धरत होता, माझं बोट ऊर्जा खात होतं. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला नीट कळतं. तरी उभं राहण्याची तऱ्हा तीच होती, कमरेत किंचित वाकून, श्वास जरा धरून.

मुदत संपल्यावर दोन दिवस झोप काढली आणि तिसऱ्या दिवशी त्याने, माझ्या विद्यार्थ्याने, सप्लायच्या वाटेत दहा ओहमचा एक रेझिस्टर डाखला. तिळाएवढा. बोटाचं काम रेझिस्टरने केलं. सुळका गेला, कायमचा. फक्त त्या दहा ओहममधून सहा मिलिअँप गेले की साठ मिलिव्होल्ट तिथेच सांडतात, चिपला थोडं कमी मिळतं, आणि नॉइज फिगर, म्हणजे गोंगाटात आपण घातलेली भर, २.१ वरून २.३ डेसिबल झाली. सप्लाय साठ मिलिव्होल्टने वाढवता आला असता. पण तक्त्यात १.२ व्होल्ट छापले होते. हे तक्ते हा आमच्या धंद्यातला एक वेगळाच प्रकार आहे. प्रत्येक पेपराच्या शेवटी एक, त्यात इतरांचे आकडे आणि आपले, आपला रकाना ठळक अक्षरांत. चाळीस तुकड्यांपैकी किती मोजले, त्यातला कितवा इथे छापला, हे त्या तक्त्यात लिहायची पद्धत नाही. लिहिणारे लिहितात, मी नाकारत नाही. पण बहुतेकांच्या रकान्यात वर्गातला पहिला आलेला मुलगाच उभा असतो, नवीन शर्ट घालून.

पेपर स्वीकारला गेला. तीन परीक्षकांचे अभिप्राय आले. एकाने इंग्रजी सुधारा म्हटलं, एकाने आपल्याच दोन पेपरांचा उल्लेख करायला सुचवलं (ओळखू येतं हो), आणि तिसऱ्याने लिहिलं की मोजणी अतिशय काळजीपूर्वक केलेली दिसते. बोट ठेवायला जागा नाही, असं आपण म्हणतो ना, तसं. मी ते वाचून हसले आणि मग हसू तसंच राहिलं चेहऱ्यावर, कारण ते कुठे ठेवावं कळेना. अंतिम प्रत पाठवताना आम्ही आलेख बदलला, रेझिस्टरचा टाकला, २.३ लिहिलं. त्या ०.२ मुळे तक्त्यात आम्ही पहिल्यावरून दुसऱ्यावर आलो. कोणीही विचारलं नाही की आधी २.१ होतं ते कुठे गेलं. म्हणजे आम्ही चुकलोही आणि दुरुस्तही केलं, आणि दोन्ही कोणाला कळलं नाही. यात मला नक्की कशाचं वाईट वाटतं हे मला अजून सांगता येत नाही. कधी वाटतं, त्या पोराच्या देखत बोट काढायला हवं होतं, पेपर गेला असता तर गेला असता. कधी वाटतं, बोटाबद्दल एक ओळ लिहायला काय हरकत होती? पद्धत या मथळ्याखाली: तर्जनी, उजवी, संशोधिकेची.

जगदीशचंद्र बसूंनी असं लिहिलं असतं, असं मला उगाच वाटतं. १८९५ मध्ये कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये त्यांनी तारेशिवाय दूरवर घंटा वाजवली. पुढे पाच-सहा मिलिमीटरच्या लहरींवर काम केलं, ज्या पट्ट्याच्या चिपा आज आम्ही नवीन म्हणून मिरवतो. त्यांची उपकरणं हाताशी असेल त्यातून झालेली. लहरींची दिशा गाळून घ्यायला त्यांनी रेल्वेच्या वेळापत्रकाच्या पानांत कथलाचे पातळ पत्रे घालून वापरले, आणि लहरी पिळवटायला तागाच्या पिळलेल्या पेंढ्या. आणि हे सगळं त्यांनी जगाला सांगितलं, न लाजता. ताग म्हणजे ताग.

मिरजेला गेले की मी सतारमेकर गल्लीत एक फेरी मारते. मागच्या दिवाळीत एका दुकानात तंबोऱ्याची जवारी लावणं चाललं होतं. कारागीर घोडीचा माथा कानसीने एकदा घासायचा, तार छेडायचा, मान हलवायचा, पुन्हा एकदा. मग तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा दोरा सरकवला, केसाच्या अंतराने पुढे-मागे केला, आणि एका जागी तंबोरा अचानक उघडला. त्या जागेला नाव नाही, माप नाही. मी मूर्खासारखं विचारलं, “हे सगळ्या तंबोऱ्यांना सारखं येतं का?” तो म्हणाला, “येईल कसं ताई? भोपळा वेगळा, लाकूड वेगळं.” आणि गिऱ्हाइकाला तो कोणता दाखवतो, हे मी विचारलं नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी विद्यार्थ्यांना घेऊन खोडदच्या रेडिओ दुर्बिणीला गेलो होतो, नारायणगावच्या पुढे, विज्ञान दिनाच्या प्रदर्शनाला. पंचेचाळीस मीटरच्या तीस अँटेना, आकाशातून येणारं इतकं पुसट काही ऐकतात की त्यापुढे माझा उपग्रह म्हणजे लाउडस्पीकर. फोन बंद करा म्हणून तिथे सांगतात. माझ्या पोटापाण्याचा धंदा ज्यात आहे ते तिथे उपद्रव म्हणून मोजलं जातं. त्या जाळीच्या थाळीखाली आम्ही डबे उघडले, फोन खिशात मेलेले, उसाच्या शेतावरून वारा येत होता, आणि तो एकदम म्हणाला, “मॅडम, पुढच्या बोर्डावर मी सप्लायपाशी थोडी उघडी जागा ठेवू?” मला वाटलं रेझिस्टरला. “रेझिस्टरला आहेच,” तो म्हणाला, “शिवाय.”

बोर्ड गेल्या सोमवारी आले. सप्लायच्या वाटेला लागून, हिरवा थर मुद्दाम काढलेला तांब्याचा एक चौकोन, सेंटिमीटरभर, आणि त्याच्याशेजारी पांढऱ्या शाईत अक्षरं. छपाई बारीक असल्यामुळे ट जरासा फाटलाय, पण वाचता येतं: बोट. मी काही बोलले नाही. तोही नाही. त्याने केबलचे नट टॉर्क रेंचने आवळले, टक, टक. सप्लायचं बटण दाबलं, आणि मी दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसले. मीटरवर सहा मिलिअँप आले. पडदा अजून काळाच होता, रेघ डावीकडून निघत होती.